तांब्याचा ठोकळा आणि मंडळाची खालची खोली



मंडळाच्या खालच्या खोलीचा विषय रविवारच्या सभेत येणार आहे. कोचिंग क्लासवाल्यांनी महिना १८ हजार भाडं देऊ केलंय. ११ महिन्यांचा करार, तीन महिन्यांचं डिपॉझिट, रंगकाम त्यांच्या खर्चाने. कार्यकारिणीत बहुतेकांचा कल 'देऊन टाकू' असाच दिसतो. माझं मत वेगळं आहे, आणि सभेत एका माणसाला मिळणाऱ्या तीन मिनिटांत ते बसणार नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, तेव्हा चहा घेऊन बसा.

मत असं की खोली भाड्याने देऊ नये. तिथे एक भक्कम टेबल टाकावं, दोन व्हाइस बसवावेत, एक टेबलावरचं ड्रिल मशीन घ्यावं, कानशी, हॅक्सॉ, आटे पाडायचा संच आणावा, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आपल्या मुलामुलींसाठी ती खोली उघडी ठेवावी. येईल त्याने काहीतरी बनवावं. एवढंच.

हे माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाने म्हणावं याचं काही जणांना हसू येईल. ३६ वर्षं बँकेत काढली, हातात पेनाशिवाय दुसरं हत्यार धरलं नाही. पण यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या नातीने कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचे भाग घरच्या घरी बनवले, आणि दीड महिना मी तिचा हमाल, कॅशियर आणि स्टूल धरणारा म्हणून काम केलं. फोटो मी ग्रुपवर टाकले होते. अंगठे भरपूर आले. सोबत प्रश्नही आले. एका वहिनींनी विचारलं, 'बारावीच्या वर्षात हे?' आमच्याच गल्लीतल्या एका मित्राने लिहिलं, 'तयार मिळतं की हो!' आणि एका डॉक्टर महाशयांनी, 'पाणी आणि वीज एकत्र? आजोबांनी तरी आवरायचं.' तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आधी तिने नेमकं काय केलं ते समजून घेतलंत तर माझं म्हणणं पोचेल.

कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर म्हणून जो भाग असतो तो पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा. नात त्रिमितीय चित्रं काढते, आणि ती पक्की करताना मशीन दोन-दोन तास पूर्ण ताकदीने चालतं. तेव्हा त्या तिकिटाएवढ्या जागेतून शंभरेक वॅट उष्णता बाहेर पडते. आपल्या लहानपणचा १०० वॅटचा पिवळा बल्ब आठवा, हात लावायची सोय नव्हती. तेवढी उष्णता तिकिटावर! ती खेचायला वर धातूच्या पट्ट्या आणि पंखा असतो. आमचं घर दांडिया बाजारातलं जुनं, तिची खोली अगदी वरची, मे महिन्यात दुपारी तीनला आत ३८ अंश. त्या हवेने पंखा काय थंड करणार? प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जायचा आणि मग स्वतःला वाचवायला स्वतःच मंद व्हायचा. वर तो आवाज, पिठाच्या गिरणीसारखा.

(शाखेत पहिल्यांदा लेजर पोस्टिंगची मशीनं आली तेव्हा त्यांच्यासाठी काचेची खोली आणि एसी आला होता. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आम्ही माणसं मात्र बाहेर पंख्याखाली, व्हाउचरवर पेपरवेट ठेवून. तेव्हा एका शिपायाने विचारलं होतं, 'साहेब, याला ताप येतो का?' येतो, हे मला इतक्या वर्षांनी नातीमुळे नीट समजलं.)

पाण्याची युक्ती नवी नाही. मोठमोठी मेनफ्रेम कॉम्प्युटरं १९६० च्या दशकातही पाणी फिरवून थंड करत. आणि २००० सालच्या आसपास परदेशातली हौशी मुलं मोटारीच्या हीटरचा छोटा रेडिएटर, माशांच्या टाकीचा पंप आणि घरी कोरलेला तांब्याचा ठोकळा एवढ्या सामानावर घरचा कॉम्प्युटर पाण्याने थंड करू लागली. दुकानात तयार भाग नंतर आले. म्हणजे हा उद्योग सुरूच झाला तो घरगुती कारागिरीतून.

रचना सोपी. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा. पंप त्यातून पाणी फिरवतो. तापलेलं पाणी नळीतून रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे त्याला निववतात, आणि ते बरणीत परत येतं. मला ही गोष्ट आमच्या भाषेत लगेच कळली: ठोकळ्यात उष्णता जमा, रेडिएटरमध्ये नावे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर शिल्लक वाढत जाते, आणि इथे शिल्लक म्हणजे तापमान.

नातीने हिशोब वहीत मांडला होता तो मी तपासला. १०० वॅट म्हणजे मिनिटाला ६ किलोजूल. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला ४.२ किलोजूल लागतात. मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं तर ते दीड अंशसुद्धा तापत नाही. मी म्हटलं, मग मोठा पंप घेऊ, आणखी थंड होईल. ती म्हणाली, 'आजोबा, पंप दुप्पट केला तर वाचणार पाऊण अंश. अडचण रेडिएटरची आहे, पंपाची नाही.' मी उरलेला चहा संपवून गप्प बसलो. तुम्हीच सांगा, फिजिक्सच्या पुस्तकात 'विशिष्ट उष्मा' हा धडा कितीजणांनी पाठ केला आणि कितीजणांनी त्यावरून पंप विकत घेतला?

आता ठोकळा. तांबंच का, तर उष्णता वाहून नेण्याचा त्याचा आकडा ४०० च्या आसपास, अॅल्युमिनियमचा सव्वादोनशेच्या पुढे, पितळेचा सव्वाशेच्या आत, आणि स्टेनलेस स्टीलचा जेमतेम १५. शेवटचा आकडा ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, म्हणून आईच्या पातेल्यांना तांब्याचा बूड होता. बरोबर आहे.

तांब्याचा जाड तुकडा भांडीवाल्याकडे मिळत नाही. इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्यांकडे बसबारच्या पट्ट्या असतात, शुद्ध तांब्याच्या, त्यांचे कापून उरलेले तुकडे ते वजनावर देतात. आपल्या बडोद्यात अशा कामाला तोटा नाही. ५० मिलिमीटर रुंद, १० जाड पट्टी, तिचा ५० लांबीचा तुकडा घेतला. सव्वादोनशे ग्रॅम भरला. कापायला गेलो मकरपुरा जीआयडीसीत एका लेथवाल्याकडे. सत्तरीचे मिस्त्री, बनियनवर, कानाला पेन्सिल. त्यांनी तुकडा उलटापालटा करून बघितला आणि मला विचारलं, 'काका, आमां कमाणी शुं?' मी म्हटलं, काही नाही. ते हसले आणि स्टूल पुढे केलं. माझ्याकडे नव्हे, नातीकडे.

पुढचे पाच शनिवार ती तिथे होती. ठोकळ्याच्या मधल्या भागात चार मिलिमीटरच्या ड्रिलने सहा मिलिमीटर खोल, आरपार न जाणारी भोकं पाडायची, एकाला एक चिकटून, म्हणजे ओळीची चर तयार होते. अशा सहा चरी, मध्ये दोन-दोन मिलिमीटरचे बांध. पाणी त्या बांधांना घासत गेलं की उष्णता घेतं. भोकं नव्वदच्या आसपास झाली. तांबं लोखंडापेक्षा मऊ म्हणून सोपं वाटतं, पण ते चिकट. ड्रिलला गुंडाळतं, आटे पाडताना टॅप धरून ठेवतं. तेल घालायचं, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कचरा काढायचा, पुन्हा. घाई केली की टॅप आतच मोडतो. दोन मोडले. दुसऱ्यांदा मोडला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मिस्त्री काही बोलले नाहीत, मोडका टॅप कसा काढायचा ते दाखवायला बसले. त्यात तास गेला. मी बाहेर बाकड्यावर, फाफडा खात.

खालची बाजू सपाट करणं हे खरं तप. प्रोसेसरवर ठोकळा टेकतो त्या जागी केसाएवढी फट राहिली तरी तिथे हवा अडकते आणि हवा उष्णता जाऊ देत नाही. पेस्ट लावतात ती उरलेल्या बारीक खळग्यांसाठी, वाकडेपणा झाकायला नाही. जाड काच टेबलावर ठेवायची, त्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्याचा थेंब, आणि ठोकळा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. मग ८०० नंबर, मग १२००. तळाला मार्करने रेघा मारायच्या आणि दोन फेरे घासायचे. जिथे शाई उरते तिथे खळगा. हे मीही करून बघितलं. माझ्या हाताखाली एका कोपऱ्याला शाई पुसली जायची, दुसरीकडे तशीच. तिचा हात चौथ्या दिवशी बसला. शेवटी तळात खिडकीचे गज दिसायला लागले.

वर दहा मिलिमीटर अॅक्रिलिकचं झाकण. मध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं ते गळलं, मग एक मिलिमीटरचं सपाट रबर आणलं. एक गंमत सांगतो. परदेशातून येणाऱ्या या महागड्या वस्तूंच्या तोट्यांचे आटे कोणते, तर पाव इंची बीएसपी, म्हणजे आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात 'दोन सूत' म्हणून मागतो तेच. कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळ्यांना लागतात त्या पितळी तोट्या बरोबर बसल्या. फक्त निमुळत्या आट्याची तोटी अॅक्रिलिकमध्ये पान्याने आवळली की झाकण तडकतं. सरळ आट्याची घ्यायची, खाली रबरी रिंग, आणि हाताने आवळायची. नळी गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक.

रेडिएटरही घरी करावा असं तिच्या मनात होतं. फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची दहा फूट बारीक नळी आणून वेटोळं केलं, पंख्यासमोर धरलं. पाणी तापतच गेलं. कारण साधं आहे, उघड्या नळीला हवा लागायला जागा किती? रेडिएटरच्या कागदासारख्या पातळ पट्ट्यांनी तीच जागा किती तरी पटींनी वाढते, आणि त्या शेकडो पट्ट्या नळ्यांना सारख्या चिकटवायला भट्टी लागते. तिथे तिने हात टेकले आणि भंगारातून जुन्या मोटारीच्या हीटरचा रेडिएटर आणला. आणताना कानशीने कोपरा खरवडून बघितला, आत पिवळं-लाल दिसतं की पांढरं. तांब्याचा ठोकळा आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात ठेवले तर ती बॅटरी होते आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. महिन्या-दोन महिन्यांत पाणी गढूळ, पुढे भोक. म्हणून सगळं तांबं-पितळ, पाणी डिस्टिल्ड, आणि गंज धरू नये म्हणून त्यात गाडीचं थोडं कूलंट.

आता डॉक्टरांचा प्रश्न, कारण तो सर्वांत गंभीर. आपल्या घरोघरी वाळ्याच्या कूलरमध्ये जो पंप असतो तो २३० व्होल्टचा, पाण्यात बुडवलेला. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे, अर्थिंग नसतं आणि वायर सोललेली असते. तो स्वस्त पंप वापरायचा मोह होताच. मी इथे मात्र आजोबा म्हणून अट घातली: पाण्याजवळ १२ व्होल्टच्या वर काही येणार नाही. तिने वाद घातला नाही, तिलाही तेच हवं होतं. पंप १२ व्होल्टचा, विकतचा, बंद बॉडीचा. त्या खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला; तो तर प्रत्येकाने घरात बसवावा, कॉम्प्युटर असो की गीझर. डिस्टिल्ड पाण्यातून वीज जात नाही असं ऐकून निर्धास्त राहू नये. धातूला लागून थोड्या दिवसांत त्यात क्षार उतरतातच. म्हणून सगळं जोडल्यावर कॉम्प्युटर बंद ठेवून नुसता पंप २४ तास चालवला, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरचा तुकडा. रात्री दोनला मी उठून टॉर्चने बघितलं. नात आधीच तिथे बसलेली होती.

पंप मधेच बंद पडला तर? प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास स्वतःच बंद होतो, जळत नाही. ही सोय कंपनीनेच केलेली असते.

फरक काय पडला? खोली ३८ अंश, मशीन पूर्ण ताकदीने, दोन तासांनंतर ७३. मंद होणं थांबलं. आवाज पंख्याच्या झुळकेएवढा. पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, ते होणारही नाही. रेडिएटर हवेशी बरोबरी करायला धावतो, तिच्या खाली जाऊ शकत नाही. माठ जातो, कारण माठातलं पाणी पाझरून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. तसा वरून पाणी शिंपडून खालून पंखा लावायचा मनोराही हौशी लोक करतात. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी बडोद्यात तो चांगला फरक पाडेल. पण जुलैत हवाच ओली, तेव्हा तो आपल्या कूलरसारखाच निरुपयोगी. शिवाय उडालेल्या पाण्यामागे क्षार राहतात. कूलरच्या जाळीवर पांढरी खपली धरते ती पाहिली असेल. ती ठोकळ्याच्या चरीत धरली की संपलं. हे सगळं तिने मला कूलर धुताना सांगितलं.

आता माझ्या खात्यातला विषय, पैसे. एकूण खर्च ३,४९० रुपये. त्यातले २८० मोडलेल्या टॅप आणि ड्रिलचे. मिस्त्रींनी पाच शनिवारांचे ३०० घेतले, तेही मी खिशात कोंबले म्हणून. आणि दोन-अडीच हजारांत धातूच्या नळ्यांचा मोठा हवेवर चालणारा कूलर बाजारात मिळतो, जो जवळपास एवढंच काम करतो, गळत नाही, आणि अर्ध्या तासात बसतो. तेव्हा 'तयार मिळतं की' म्हणणाऱ्या मित्राला माझं उत्तर असं: बरोबर आहे, मिळतं, आणि स्वस्तही पडतं. घरी बनवून पैसे वाचतात असं जो सांगतो त्याने हिशोब ठेवलेला नसतो. 'जुगाड' म्हणून कौतुक केलंत तेही मला रुचलं नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. ट्यूबचं रबर हा जुगाड होता, आणि तोच गळला.

मग कशासाठी? तिच्या वर्गातल्या मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट मी पाहिलेत. स्टेशनरीच्या दुकानात ज्वालामुखी, पवनचक्की, पाण्याचं चक्र तयार मिळतं, वडील आदल्या रात्री आणतात, पोर त्यावर नाव लिहितं, शिक्षक मार्क देतात. सगळ्यांना ठाऊक असतं. त्या प्रोजेक्टला नापास व्हायची सोयच नसते. इथे टिश्यू पेपर ओला झाला की झाला, तिथे कोणाची ओळख चालत नाही. नातीला हे दीड महिन्यात चार वेळा अनुभवायला मिळालं, आणि चारही वेळा कारण शोधायला तिलाच बसावं लागलं. वहिनी, बारावीच्या वर्षात हे का, याचं माझं उत्तर एवढंच की याच्यासाठी दुसरं वर्ष कोणतं राखून ठेवलंय? बारावीनंतर एंट्रन्स, नंतर सेमिस्टर, नंतर कॅम्पस, नंतर परदेश. आपल्या घरांतले किती इंजिनियर असे आहेत ज्यांनी आयुष्यात एकदाही कानस चालवली नाही? माझ्या सख्ख्या नात्यात सहा मोजले.

आणि हे आपण म्हणावं, बडोदेकरांनी! १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं ते याच गावात. त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं, आणि रंगाई, यंत्रकाम, चित्रकला असली हाताची विद्या देशी भाषेत शिकवायला लावली, इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराचं पोर अडू नये. दादासाहेब फाळके तिथेच शिकून गेले. १९४९ मध्ये विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची इंजिनियरिंगची शाखा बनलं. आपले पणजोबा-खापरपणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत इथे आले, कोणी कारकून, कोणी मामलेदार, कोणी मास्तर. आपण खुर्ची सांभाळणारी माणसं, हे खरंच आहे, मीही त्यातलाच. पण महाराजांनी ती इमारत आपल्या वाटेवर बांधली होती. तिच्यासमोरून आपण रोज जातो आणि मुलांना त्या घुमटांचे फोटो काढायला सांगतो.

क्लासवाल्यांविषयी माझी तक्रार नाही. बडोद्यात क्लासला जागा मिळते, चौकाचौकात आहेत. व्हाइस लावलेलं टेबल मुलांसाठी उघडं असलेली जागा मला एकही दाखवा. मकरपुऱ्याचे मिस्त्री भले होते म्हणून आमचं जमलं. प्रत्येक मुलीला तिचे आजोबा जीआयडीसीत नेऊन बाहेर बाकड्यावर बसतील असं नाही, आणि प्रत्येक मिस्त्री स्टूल पुढे करीलच असंही नाही. खोली आपली असली तर हा प्रश्न उरत नाही.

११ महिन्यांचं भाडं १ लाख ९८ हजार. ते सोडायचं म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, मंडळाचे ताळेबंद मी बारा वर्षं तपासलेत. पण गेल्या पाच वर्षांत खोली बंदच होती, म्हणजे खर्चाचा मेळ या भाड्यावाचून बसतच होता. सामानाचा माझा अंदाज ६० हजारांच्या आत आहे. दोन दुकानांची भावपत्रकं सभेत ठेवीन. पहिले २५ हजार माझे. एक वर्ष प्रयोग करू, दोन संध्याकाळ, नोंदवही ठेवू, कोण आलं, काय बनवलं. वर्षाअखेर वही बघून सभेने ठरवावं. दहा मुलंही आली नाहीत तर पुढच्या जूनमध्ये क्लासवाल्यांना किल्ली द्यायला मीच जाईन.

शिकवणार कोण, हा प्रश्न येईल. आपल्यात अलेंबिक, ज्योती, रिफायनरीतून निवृत्त झालेले किमान आठ-दहा जण आहेत, शॉप फ्लोअरवर जन्म काढलेले. सध्या ते सकाळी कमाटीबागेत चालतात आणि संध्याकाळी सुनेच्या टीव्हीसमोर बसतात. दोघांशी मी बोललोय, दोघेही 'बोलवा, येतो' म्हणाले. एकाने तर घरच्या माळ्यावरचा चार इंची व्हाइस आताच देऊ केला. विम्याचं आणि आरसीसीबीचं काम आधी, चष्मा घातल्याशिवाय ड्रिलजवळ कोणी जायचं नाही, १४ वर्षांखालच्यांसोबत घरचं मोठं माणूस हवं. हे नियम लिहून सेक्रेटरींकडे दिलेत.

सभा रविवारी सकाळी दहाला, वरच्या हॉलमध्ये. ठोकळ्याचा जोडीदार, म्हणजे मोडक्या टॅपवाला पहिला तुकडा, मी घेऊन येतोय, हातात धरून बघा. ज्यांच्या घरी जुन्या कानशी, पाने, ड्रिलचे दांडे गंजत पडले असतील त्यांनी आणले तर उत्तम. ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदक अजून ठरलेला नाही, तेव्हा तयार असेल त्याने शनिवारपर्यंत कळवावं.